सात मीटर चार सेंटिमीटर

फक्कीचा डबा आता माझ्याकडे असतो.
धात्रक सर टेपचं एक टोक बुटाखाली दाबतात,
दुसरं घेऊन मी वाकत वाकत मागे जाते.
चारशे मीटरला दुसऱ्या लेनची सुरुवात
पहिलीच्या पुढे सात मीटर चार सेंटिमीटर.
तिसरीची त्याच्याही पुढे.
दरवर्षी कोणाची तरी आई कुंपणापाशी येऊन विचारते,
"ती पोरगी एवढी पुढे का उभी? आमची का मागे?"
सर बोलत नाहीत. वळणाकडे बोट करतात.

तुळसा भोये पेठच्या पलीकडून यायची,
पहाटेच्या एसटीने, डब्यात नागलीची भाकरी.
आम्ही गंगापूर रोडचे. माझे बदाम रात्रीच भिजत पडायचे,
माझ्या स्पाइक्सची किंमत
बाबांनी आजीला निम्मी करून सांगितली होती.
उपांत्य फेरीत तुळसा माझ्या चार पावलं पुढे होती.
चार. मी मोजली.

गॅलरीत कुजबुज सुरू झाली.
खांदे बघा तिचे. जन्मतारीख बघा, एक जून.
हिची एक जून, हिच्या भावाची एक जून,
अख्ख्या पाड्याची एक जून!
(शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली तीच ती.
हे मला नंतर कळलं.
तेव्हा मी विचारलंच नव्हतं.)

अर्ज क्लबने भरला, पैसे बाबांनी.
'हरकत घेणारा खेळाडू' याच्यापुढे सही माझी,
लफ्फेदार, दहावीच्या हॉलतिकिटावर केली होती तशी.

अंतिम फेरीच्या सकाळी निफाडचा पारा पाचावर होता.
तुळसाला त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये नेलं,
मनगटाचा एक्स-रे काढायला.
मी चौथ्या लेनमध्ये. पाचवी रिकामी.
पिस्तूल वाजलं. एकसष्ट पूर्णांक चार.
फोटोत मी हात वर केलेत
आणि माझ्या उजवीकडे
नुसतं मैदान आहे.

अहवाल गुरुवारी आला.
माझ्यापेक्षा सात-आठ महिन्यांनी लहान असेल, म्हणाले.

हरकत घेणं चूक नाही, असं मी अजूनही म्हणते.
चौदा वर्षांखालच्या खो-खोत
सकाळीच मिशी काढून आलेला गडी मी पाहिलाय,
गालावर ब्लेडची ताजी खूण.
नियम हवेतच. नाहीतर शर्यत कसली,
ती नुसती पळापळ.
पण मला तिचं वय कळायला हवं होतं
की पाचवी लेन रिकामी हवी होती,
हा रकाना त्या अर्जात नव्हता.
असता तर काय भरलं असतं,
ते मी सरांना सांगितलेलं नाही.
आईलाही नाही.

मेडल घेऊन पेठ नाक्यावर गेले,
रविवारी, तिच्या एसटीच्या वेळेला.
ती पिशवीवर बसली होती, पायात स्लिपर.
मी डबी पुढे केली.
तिने उघडलीही नाही.
"मी पळालेच नाही त्यात. मग माझं कसं?"
"तुझंच होतं."
"कोणाला ठाऊक. पडलेपण असते."

मग मी म्हणाले, पुन्हा पळू. आपण दोघीच.
म्हणाली, "भाडं देशील तर येईन."
आणि हसली, पण भाड्याचं खरंच बोलत होती.

गाडी लागली. लोक दाराशी दाटले.
तिने खिडकीतून आधी पिशवी टाकून जागा धरली
(हे मात्र नियमात बसतं का, मला माहीत नाही)
आणि वरून वाकून म्हणाली,
"पुढल्या वर्षी हरकत घ्यायची तर घे.
पण आठ दिवस आधी घे ना.
मला त्या दिवशी पळायचं होतं."