रिजेक्ट माल

अंबडला शनिवारी मशीन बंद असतात.
माझे हात बंद होत नाहीत,
म्हणून समृद्धीने मक्याचं पीठ पुढ्यात ठेवलं.
"पप्पा, कॉलेज रोडला दीडशे रुपये घेतात,
देतात अकरा."
तिने मोजलेत.

मक्याला चिकटपणा नसतो.
उकळतं पाणी, मूठभर कणीक, चिमूटभर ओवा
(ओवा तिला नको होता, मी टाकला),
तरी कडा फाटत राहिल्या.
शेवटी शैलाने दुधाच्या पिशवीत गोळा ठेवून
लाटून दिला. बोलली काही नाही.
बावीस वर्षं भाकरी थापणाऱ्या बाईचं
ते न बोलणं.

त्रिकोण मी कापले, स्टीलच्या पट्टीने.
बाजू दोन इंच, फरक केसाएवढा.
आणि पहिला घाणा टम्म फुगला!
पुऱ्या. तिकोनी पुऱ्या.
मायलेकी ओट्याला धरून हसत सुटल्या.
काट्याने टोचायचं राहिलं होतं.

दुसरा घाणा टोचून, मंद आचेवर.
चीज दुधात विरघळवताना
कूलंटसारखी बारीक धार, घाई नाही.
टोमॅटो पिंपळगावचा, मिरची ठेचून.
कांद्याचं गाव आमच्याकडे विचारत नाहीत.

ताटात ढीग करू देईना पोरगी.
एक थर, वर चीज, पुन्हा थर.
"नाहीतर तळातले कोरडेच राहतात, पप्पा."
हे दिवाळीच्या बोनसआधी
कुणीतरी वर जाऊन सांगायला हवं.

फुगलेले शैलाने डब्यात भरले.
"उद्या कंपनीत न्या," म्हणाली,
"सांगा, मी केलेत."