हजेरीतला ळ

सोहारच्या शाळेत ओहोळ म्हणता येत नाही कुणाला.
ओहोल मिस. ओहल मिस.
एका पालकांनी तर चिठ्ठीत नुसतं होल मिस.
मी हसते. जिभेला सवय नसते
ते अक्षर ती गिळून टाकते, एवढंच.

स्टाफरूममध्ये एकीलाच नीट येतं. मराठीच ती, कऱ्हाडकडची.
पहिल्याच दिवशी बिस्किटांचा डबा पुढे करत म्हणाली,
"ओहोळ म्हणजे… मूळचे कुठले तुम्ही?"
मी गाव सांगितलं. मग तालुका.
तिला ते नको होतं, हे दोघींनाही कळलं
आणि डब्याला झाकण लागलं.
(बिस्किटं संपली असतील.
असं म्हणायला मी आता शिकले आहे.)

म्हणजे मला तरी समजायला हवं होतं.

तिसरी ब. पट बेचाळीस.
सत्ताविसावं नाव इंग्रजीत, मधोमध एक झेड.
एप्रिलमध्ये मी दोनदा अडखळले, वर्ग हसला,
तिसऱ्या दिवसापासून ती झाली जिनी.
सोपं. लाडाचंसुद्धा, असं मला वाटलं.
बसमध्ये तिला बाटलीत कोंबायचा खेळ निघाला,
तो मला कळेपर्यंत मे संपत आला होता.

बाप गोड्या पाण्याचा टँकर चालवतो.
बंदरातल्या साहेबांच्या मुली पहिल्या बाकांवर,
ती शेवटच्या.
तिथं मी बसवली नव्हती तिला.
तिथून उठवलीही नव्हती.

संमेलनात वाळवंटाचा नाच.
पुढची रांग मी निवडली. कशी, ते लिहायला बसले
की पेन थांबतं.
"स्टेजवर उठून दिसतील अशा घेऊ," म्हणाले होते मी.
म्हणजे कशा, हे कुणी विचारलं नाही.
सगळ्यांना समजलं.
जिनी उंट. पुठ्ठ्याचं तोंड, सुतळीची शेपटी.

तालमीला ती उंटाचं डोकं काखेत धरून आली.
"मिस, गेल्या वर्षी मी झाड होते. त्याच्या आधी ढग.
आत मी आहे, हे अप्पाला कसं कळणार?
तो सुट्टी मागणार आहे."

तक्रार नव्हती ती. अडचण होती.

मग नऊ महिन्यांनी विचारलं,
जे पहिल्या सकाळी विचारायचं होतं:
तुझं नाव तू कसं म्हणतेस?

तिनं आधी दाराकडे पाहिलं.
"याळिनी."

ळ.
जरा मऊ, जरा आत वळलेला, पण माझ्याच घरातला.
ओहोळातला. ओंजळीतला.
(आमच्या शाळेत माठ होता. तांब्या ओंजळीला लागू नये
म्हणून बाई इतक्या उंचावरून पाणी सोडायच्या
की अर्धं कोपरांवरून मातीत जायचं.
मी कधी सांगितलं नाही कुणाला. तहान लागलीये, एवढंही.)
तो ळ झेडच्या पाठीमागे उभा होता वर्षभर
आणि मी, ओहोळांची पोर,
त्याला बाटलीत भरून ठेवलं होतं.

उंट काढून टाकला. पुढच्या रांगेसाठी चिठ्ठ्या टाकल्या.
संध्याकाळी एका आईचा फोन, आम्ही पोशाखाचे पैसे भरलेत.
मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ओहोल, इतकं ताणू नका."
गुरुवारी मी बसमध्ये चढते आता, दोन थांबे जाते.
खेळ बंद झालाय.
की बाटलीच बदललीये, अजून समजलेलं नाही.

अप्पा आला होता. कपडे बदलायला वेळ मिळाला नसावा,
पँटचे गुडघे ओले. हात उंच करून उभा राहिला,
नाच संपल्यावरही जरा वेळ.

काल हजेरी घेताना एकतिसावा उठला.
"मिस, माझंपण तसं नाहीये."

थांब.
पेन्सिल घेते.
सांग.