दहा वर्षांची मुदत

मोरकॅमच्या किनाऱ्यावरच्या बाकांना
पाठीवर एकेक पितळी पट्टी असते.
पट्टीची मुदत दहा वर्षं.
मग कौन्सिलचं पत्र जातं : नूतनीकरण करायचं आहे का?
दोन महिने वाट पाहतात,
आणि मग मला पाठवतात, स्क्रूड्रायव्हर घेऊन.

आज डोरिस एन्टविसल.
'हिला इथून दिसणारं सगळं फार आवडायचं.'
पत्र परत आलेलं. पाकिटावर
कुणीतरी बॉलपेननं खरडलेलं :
आता इथे राहत नाहीत.
कोण, ते लिहिलं नव्हतं.

तीन स्क्रू मुकाट निघाले.
चौथा खाऱ्या हवेनं धरून ठेवलेला.
त्याला तेल सोडलं,
आणि ते मुरेपर्यंत
डोरिसच्याच बाकावर बसून डबा उघडला.
पोळी, बटाट्याची भाजी, कालचीच.
ओहोटी होती. मैलभर नुसता चिखल,
चिखलात चोची खुपसत हिंडणारे पक्षी,
खाडीपल्याड डोंगर, अर्धे ढगात.
खरं सांगू? काही खास नव्हतं.
मग मिनिटभर ऊन पडलं
आणि सगळा चिखल लखलखला.
बरं, बरं, डोरिस.
पटलं.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला, मिरजेत,
गुरुजींनी पणजोबांचं नाव विचारलं होतं.
मी काकांकडे पाहिलं,
काकांनी पंख्याकडे.
गुरुजी अडले नाहीत.
नाव नसेल तर त्याचीही सोय आहे, म्हणाले,
गोत्र आठवत नसेल तर काश्यप म्हणा.
पिंड तिघांनाच.
त्यांच्या आधीच्यांसाठी
हाताला चिकटलेली शितं, दर्भावर पुसायची.

तेव्हा मान खाली गेली होती माझी.
एवढा मोठा माणूस, शेतं कसली असतील,
भांडला असेल, रात्री खोकला असेल,
आणि चौथ्या पिढीत
पंख्याच्या वाऱ्यावर गेला.
आज वाटतं, ज्यांनी ही रीत लावली
त्यांना माहीत होतं सगळं.
किती दिवस हाक मारायची, कुठे थांबायचं,
आणि थांबल्यावरही
हात कसा पुसायचा.

ग्रॅहम म्हणतो, काढलेल्या पट्ट्या सहा महिने ठेवायच्या.
डेपोत बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे त्यासाठी.
न्यायला अजून कुणी आलेलं नाही.
माझ्यासाठी कुणी पट्टी लावणार नाही,
लावली तर स्पेलिंग चुकेल.
हे मी हसत म्हटलं एकदा घरी,
मुलगी हसली नाही.
तिला कसं सांगावं
की मला त्याचं ओझं वाटत नाही,
निदान जेवणाच्या सुट्टीत तरी.

चौथा स्क्रू सुटला.
पट्टीखालचं लाकूड फिकट,
दहा वर्षांत ऊन न पाहिलेलं.
काश्यप गोत्र, म्हटलं, डोरिसबाई,
आणि तेलकट बोटं
बाकाच्या कडेला पुसली.

झालं का तुमचं? म्हणत
एक बाई कुत्र्याला घेऊन आली
आणि बसली,
चार भोकांना पाठ टेकून, समुद्राकडे बघत.