पोशाची नोंद

बी विंगच्या गेटवरचं रजिस्टर
सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे आलं, तक्रारीसकट.
पान सत्तेचाळीस. घुल्यांचं अक्षर, प्रत्येक ओळ जराशी खाली घसरलेली.
नाव: पोशा.
आडनाव: सांगितलं नाही.
कुणाकडे: हशा.
फ्लॅट नंबर: माहीत नाही म्हणाला.
गाडी: पायी, ओला.
आत: दोन दहा.
बाहेर:

भांडुपच्या या अंगाला मिठागर होतं.
पोडियमवर जिथे मुलांची घसरगुंडी आहे
त्याच्या खाली, दोन्ही बेसमेंटच्याही खाली,
खाडीचं पाणी आगरात घ्यायची उघाडी,
आणि उघाडीच्या लाकडी झडपेवर रात्रभर बसलेला एक माणूस,
तंबाखूशिवाय ज्याला भरती कळायची नाही.

कमिटीत मी हे बोललो नाही.
कमिटीत मी म्हात्रे, सातशे दोन, गाववाल्यांच्या कोट्यातला.

गिऱ्हा आमच्याकडे सगळ्यांना माहीत.
बुडालेल्यांतला. तिवरांत बसतो.
पाण्याला वाट म्हणतो, वाटेला पाणी.
त्याचा एक केस कापून मांडीत शिवून ठेवला
तर जन्मभर घरी राबतो, मासळीनं पाट्या भरतो
(करून पाहिलेला कुणी मला भेटलेला नाही).
आणि रात्री नावानं हाक मारतो. दोनदाच.
तिसरी त्याला जमत नाही.
चांगुणाआजी निजवताना सांगायची:
दोन हाकंला ओ देव नको रं. तिसरी मानसाची.

ज्या अमावास्येला उधाणानं बांध फोडला
त्या रात्री उघाडीकडून आली:
हशाऽऽ
आजोबा उठून बसले.
पुन्हा आली.
त्यांनी कंदिलाची वात वर केली
आणि थांबले.

सकाळी पोशा तिवराच्या मुळ्यांत सापडला,
मुठीत झडपेची साखळी.

आजोबा मरेपर्यंत म्हणत राहिले, दोनच.
आजी काही म्हणायची नाही.
फक्त त्यांच्या पानात मीठ वाढायची
ते तीन चिमटी,
एकेक, सावकाश.

कॅमेऱ्यात काही नाही. काचेवर पांढरा पापुद्रा धरलाय.
खारं वारं, एजन्सीचा पोरगा म्हणाला.
आठशे चारच्या बाई म्हणतात, लॉबीत ओली पावलं होती,
वॉचमन पितो, बदला.

घुल्यांना ऑफिसात बोलावलं.
हिंगोलीकडचे. समुद्र पन्नाशीत पहिल्यांदा पाहिला त्यांनी,
तोही बसमधून.
काय झालं त्या रात्री?
काही नाही साहेब. बाहेरून आवाज आला.
गेलो तर माणूस, काकडलेला.
हशा नावाचं कुणी राहत नाही इथं, म्हटलं. बसा, म्हटलं.
तंबाखू मागितली, मळून दिली.
रजिस्टर तर लिहावंच लागतं.

किती हाका मारल्या त्यानं?

घुले माझ्याकडे बघत राहिले.
टेबलावरचा पंखा रजिस्टरचं पान उचलत होता, सोडत होता.

मोजल्या नाहीत साहेब.
पहिल्याच हाकेला उठलो. ड्युटी आहे ना.

मग दारापर्यंत जाऊन वळले:
तेवढा बाहेरचा रकाना राहिलाय.
तो गेलेला काही मी पाहिला नाही.
काय लिहू?