कऱ्याचा वाटा

मेंढरू कापलं की अव्वा
काळीज उन्हात धरून बघायची.
नितळ असलं तर तव्यावर,
पाण्याचे फोड दिसले तर कऱ्याला.
तो वरच्या वर झेलायचा,
मातीला लागू द्यायचा नाही.

यमकनमर्डीकडं कुणाच्या रानात मेंढरं बसवली
की एकाच घोंगड्यात आम्ही दोघी,
पायाशी तो, ओल्या केसांचा.
पहाटे त्याच हातानं ती भाकरी थापायची.
पाणी तीन शेतं पलीकडं.

बेळगावात पोटावर गार चिकट लावून
डॉक्टर बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला.
आधी कन्नडात बोलला, मग हिंदीत,
मग चिठ्ठीच्या पाठीवर चित्र काढलं:
मेंढी, कुत्रं, बाई.
मेंढीकडून कुत्र्याकडं बाण,
कुत्र्याकडून मेंढीकडं, आणि एक बाईकडं.
बाईकडून कुठंच नाही.
माणसात शिरलं, की म्हणे
त्याची वाट संपते.

मी अव्वाला आपल्या बोलीत सांगितलं,
तुझ्या काळजात पाण्याची पिशवी हाय,
तिच्या आत बारक्या पिशव्या.
डॉक्टर त्यांना लेकी म्हणतोय.
"किती?"
मोजल्या न्हाईत.
"चौघी झाला तवाच गाव बोललं हुतं,"
म्हणाली, आणि हसताना
कूस धरून वाकली.

दहा-बारा वर्षं जुनं असेल, तो म्हणाला.
म्हणजे हा कऱ्या नव्हे.
हा तिसरा. काळं कुत्रं आलं
की तेच नाव लावतो आम्ही.
पहिल्याला साप चावला त्या रात्री
अव्वा त्याला मांडीवर घेऊन बसली होती,
तोंडातला फेस पदरानं पुसत.
ती रात्र असेल का?
का कुठलीच रात्र नाही, नुसती
रोजची एक भाकरी?

निंगाप्पाकाका म्हणाला, सोडून या त्याला
हायवेवर. अव्वा काही बोलली नाही.
जनावराच्या दवाखान्यातली गोळी
तिनं गुळात दाबून त्याला चारली,
आणि हात धुतले. साबण लावून, दोनदा,
कुणीतरी बघत असल्यासारखे.

टाके सुकल्यावर पहिलं मेंढरू कापलं,
तेव्हा सवयीनं काळीज उन्हात धरलं तिनं.
तीन फोड. आत ऊन हलत होतं.
मी खड्डा खणला, गुडघ्याएवढा,
वर दगड रचले.
कऱ्या आला, दगडांपाशी बसला,
आणि तोंड वर करून
तिच्या हाताकडं बघत राहिला,
आता टाकेल,
आता टाकेल.