मागची खोपी

क्लाक्सविक. पहाटेचे तीन.
मासळी लिलावाचा सर्व्हर पुन्हा गुदमरला
आणि कर्नलने रिवाजाप्रमाणे
सगळ्यात खादाड कोण ते हेरून त्यालाच मारलं:
वजनकाट्याचा प्रोग्रॅम.
कामाचा तेवढा तोच होता.

मेमरीची पट्टी गुरुवारच्या बोटीने यायची.
बोट वाऱ्यापायी डेन्मार्कातच.
"डिस्कवर जागा कर की," हानुस फोनवर म्हणतो
आणि जांभई देतो. ती मला लागते.

चार गिगाबाइट शून्यं लिहायला घेतली.
नुसती शून्यं,
तरी वेळ लागतोच.
मग कुलूप: रूटशिवाय कुणी डोकावायचं नाही.
मग स्वॅपचा शिक्का.
मग चालू.

आमच्या घरामागे फटीफटींच्या भिंतींची खोपी आहे,
वारा आरपार.
मेंढीच्या तंगड्या टांगलेल्या, एक मोडकं वल्हं,
घरात मावत नाही ते सगळं तिथं.
काही आणायचं तर बूट घाला, कोट घाला, दार ढकला,
तोवर चुलीवरचं करपतं.
पण जातं कुठं? असतं.

चार वीसला ट्रॉलर धक्क्याला लागला.
काट्यावर सुनव्हाने पहिला क्रेट ठेवला. कॉड.
कर्सर लुकलुकत राहिला.
लुकलुकत राहिला.
मग: एकतीस किलो.
"झोपलंय का हे?"
"नाही गं. मागच्या खोपीत गेलं होतं."

अर्ध्या वाटेवर, बोगद्याच्या तोंडाशी आठवलं,
एफएसटॅबमध्ये ओळ घातलीच नाही.
वीज गेली तर उठल्यावर त्याला
खोपी बांधलीय हेच ठाऊक नसणार.

गाडी वळवली.