खाडा

आईच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे असतात,
तारखेच्या चौकोनात बारीक फुली.
त्याच चौकोनांच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने
मी माझे मांडते.
सात मे. मी नागपुरात. म्हणजे विनिपेगला नाही.
एक गेला.

तिकडचा हिशेब असा :
अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत
एक हजार पंच्याण्णव दिवस
पाय त्या मातीवर हवेत. बर्फावर असले तरी चालतात.
शिकत होते तेव्हाचे दिवस अर्धेच धरतात,
जशी मी तेव्हा अर्धी राहत होते.
अर्धी जेवत होते, हे मात्र खरं.
आणि पाच वर्षांची ही चौकट पुढे पुढे सरकते,
मागून एकेक दिवस गळत जातो,
उसवलेल्या पोत्यातून जवस गळावं तसा.

एकवीस दिवसांचं तिकीट होतं.
तेराव्या दिवशी बाबांचा डावा हात
चहाच्या कपापर्यंत पोचलाच नाही.
मग धंतोलीत नऊ रात्री,
बाकावर, दुसऱ्यांच्या नातेवाइकांत.
तिथूनच मी तिकीट पुढे ढकललं. मग पुन्हा एकदा.
तिकडच्या मैत्रिणीचा निरोप आला :
कार्डाला धोका नाही गं, फक्त नागरिकत्व लांबलं.
फक्त.

"काय लिहून राहिली वं त्या कॅलेंडरवर?"
सांगितलं. सगळं सांगितलं, अर्ध्या दिवसांसकट.
बाबा हसले, जेवढं तोंड हलतं तेवढं.
"मंग तू बी बदलीच हायेस."

गिरणीत बाबा बदली कामगार होते.
दोनशे चाळीस भरले की कायम.
दोनशे अडतिसाव्या दिवशी मुकादम म्हणायचा,
निनावे, उद्यापासून येऊ नको,
महिन्याभरानं पाहू.
असं तीनदा.
घरी मात्र ते डबा घेऊन निघतच राहायचे,
गोळीबार चौकात कुणाला कळू नये म्हणून.
दिवसभर तलावाच्या काठी बसायचे,
डबा तिथेच खायचे,
भोंगा झाला की सगळ्यांसोबत परत.

आईला हे आत्ता कळलं, या मे महिन्यात.
ती कूलरच्या टाकीत पाणी ओतत होती.
बादली तशीच धरून उभी राहिली.
"अन् मी एक पोळी जास्तीची देत होती,"
ती म्हणाली, "अंगमेहनतीचं काम म्हणून."

मला कोणी मुकादम नाही.
कोणी अडवलं नाही, कोणी पाठवलं नाही.
नियम तर सभ्यच आहे :
निघालेला दिवस हजेरीत धरतात,
परतलेला दिवसही धरतात,
गेले ते मधलेच.
बाबांना हे फार आवडलं.
"जायाचा बी हजर, यायाचा बी हजर!
चांगली कंपनी हाये."
शेजारच्या हेडाऊ काकांनाही त्यांनी तसंच सांगितलं,
पोरीच्या कंपनीत असं असतं म्हणून.

रात्री लॅपटॉपवर तक्ता उघडते.
गेल्याची तारीख, आल्याची तारीख, देश,
आणि शेवटी एक रकाना : कारण.
आल्याची तारीख अजून रिकामी आहे.
कारणात मी आधी 'कौटुंबिक' लिहिलं,
मग खोडलं, मग 'वडील' लिहिलं,
मग वाटलं, वडील हे कसलं कारण,
ते तर मी नसतानाही होतेच.
रकाना तसाच सोडून झोपले.

सकाळी बाबा पलंगावर बसून वाटाणे उचलतात,
डाव्या हाताने, या वाटीतून त्या वाटीत.
फिजिओवाल्या पोराने रोजचे चाळीस सांगितलेत.
मी मोजते. बोटं थरथरतात, एखादा निसटून
पलंगाखाली जातो, तो धरायचा नाही असं आमचं ठरलंय.
आज अडतीस झाले
आणि ते थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले,
"ब्रेक."

आतून आईचा आवाज आला,
"दोन राहिले. उचला."